डावखुरा सरदार

"वाळवून काय होणार?" नीता म्हणाली. "कॉफीचा डाग तो. पुसायला गेलात तर सरदारच जाईल."

तिच्या नवऱ्याने, दीनानाथने, हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून आणलेली गरम कॉफीची गळकी प्लास्टिकची पिशवी उघड्या पुस्तकावर टेकवली होती. एका स्पॅनिश कादंबरीचं अठराव्या शतकातलं फ्रेंच भाषांतर. होणाऱ्या व्याह्यांनी, पद्माकररावांनी, कौतुकाने पाहायला दिलेलं. तेही त्यांचं नव्हे, सासऱ्यांचं. त्यांच्या पत्नी स्मिताताई वडिलांची आठवण म्हणून ते देवांशेजारी ठेवत. लेकीचा, इराचा साखरपुडा तोंडावर, आणि डाग नेमका चित्रातल्या डावखुऱ्या सरदारावर.

बाकी सगळ्या चित्रांत सरदाराचा भाला उजव्या हातात, याच एकात डाव्या. पद्माकरराव येईल त्याला समजावत, "भाषांतरांसाठी मूळ चित्रांच्या नकला कोरायचे. दिसतं तसंच तांब्यावर कोरलं, की छापताना उलटं. इथे गडी उलटं कोरायला विसरला!" सेम्बावांगच्या शिपयार्डात नकाशे काढण्यात उमर गेलेला माणूस, त्या विसराळू गड्यावर त्यांचा फार जीव.

"आई, जस्ट टेल देम, ला," इरा म्हणाली.

"सांगू की. तुला मूल झालं की सांगू."

नीता कम्युनिटी क्लबात छापचित्रं शिकलेली. पुस्तकाच्या शेवटी कोरं पान एकच होतं. त्याच्या जोडीचं कुणीतरी आधीच कापलेलं. तिने ते काढलं, पत्र्यावर रेघ न् रेघ दिसली तशीच कोरली, छापलं. कागद उचलून उजेडात धरला.

भाला उजव्या हातात.

दुसरा जुना कागद नव्हता. डागाळलेलं काढून तेच पान चिकटवलं. जमेला एवढंच, की बाकीच्या चित्रांत ते खपून जात होतं. नावे बाजूला खुद्द पद्माकरराव.

रविवारी ते दोघं टॅम्पिनीसला, नीताच्या घरी आले. स्मिताताई बांगड्यांचं माप घ्यायला इराला घेऊन आत गेल्या. पद्माकररावांनी चहा बाजूला सारून पुस्तक ओढलं. सवयीने तेच पान उघडलं.

हात थांबला. चष्मा पुसून झाला. बोट भाल्यावरून दोनदा फिरलं.

"कॉफीचा वास येतोय का हो, दीनानाथराव?"

"शेजारी... शेजारी करतात."

नीताने पदराचं टोक मुठीत धरलं. आता हे उठणार, स्मिताताईंना हाक मारणार, आणि साखरपुडा राहणार बाजूला.

पद्माकररावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, पुस्तक हळूच मिटलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हिला कळू देऊ नका, विहीणबाई. मी छापला तेव्हा हा डावखुरा झाला होता."