गुरुजींचा शब्द

जीप दारात उभी होती आणि मीनल उंबऱ्यावर.

"अमरदीपभाऊ, गुरुजींना कुठंच न्यायचं नाही," ती म्हणाली.

आत खाटेवर उत्तमराव गुरुजी धुतलेला सदरा घालून उशांना टेकले होते. फुप्फुसाच्या कॅन्सरनं आता त्यांना धड एक वाक्य एका दमात पुरं करता येत नव्हतं. जीपवाला आदिलाबादच्या दवाखान्याला फोन लावून बेड मिळेल का ते विचारत होता.

मीनल नर्स होती. बरे न होणाऱ्या रुग्णांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायची, हे तिचं काम. बाजारहत्नूरकडच्या या गावात ती पावसाळ्यापासून येत होती. गुरुजींनी तिला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, मग डॉक्टरांना, आणि एका पौर्णिमेला विहारात सगळ्या वस्तीसमोर: मला मशीनवर जगवायचं नाही, नळ्या घालायच्या नाहीत, मी माझ्या घरात मरणार. जन्मभर पोरांना 'भिऊ नका' म्हणून शिकवलेला माणूस. वस्तीला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता.

शुद्धीतल्या रुग्णानं दिलेला नकार मोडायचा हक्क पोटच्या पोरालाही नसतो, हे मीनल शिकली होती. तरी घराघरांत तिनं उलटंच पाहिलं होतं. लोक नावं ठेवतील या धाकानं पोरं बापाला शेवटच्या घटकेला दवाखान्यात नेऊन टाकत. इथं ती तसं होऊ देणार नव्हती.

अंगणात शेजारपाजारचे जमले होते. गुरुजींचा मुलगा अमरदीप उटनूरला कचेरीत कारकून. मुळातच कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "ताई, जाऊ द्या न आमाले."

"काऊन?" मीनलचा आवाज चढला. "गुरुजींसाठी, का तुमच्या नावासाठी? गावानं पोराला चांगलं म्हणावं म्हणून त्यांचे हाल करता? त्यांच्या शब्दाची तरी लाज ठेवा."

अंगणातून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं.

अमरदीपनं मान वळवून आत पाहिलं. गुरुजी दाराकडेच बघत होते. त्यांनी मीनलकडं पाहिलं, तिच्यामागं उभ्या माणसांकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांना विचारावं असं मीनलच्या मनातही आलं नाही. त्यांचं उत्तर सगळ्या वस्तीला पाठ होतं.

अमरदीपनं खाली मान घालून जीप परत पाठवली.

मग मीनलनं मॉर्फिन दिलं, उशा सारख्या केल्या, ओठ ओले केले. गुरुजींनी तिचं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. दिवस कलायच्या आत ते गेले.

वस्तीनं तिचं कौतुक केलं. बाईनं गुरुजींचा शब्द राखला, असं जो तो म्हणू लागला. पण मीनलला ते कौतुक गोड लागेना. अमरदीपची खाली गेलेली मान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. कायद्यानं ती बरोबर होती; पण बाप मरणाला टेकलेला असताना लेकाला चारचौघांत उघडं पाडायचा हक्क कोणत्या कायद्यानं दिला होता? दुसऱ्या घरी जखम पुसतानाही 'लाज ठेवा' हे स्वतःचेच शब्द कानात वाजत आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी गुरुजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती माफी मागायला गेली. मांडवात पंगत बसली होती. वाढणाऱ्या अमरदीपनं तिला पाहिलं, वाकून जय भीम केला आणि बादली उचलून पलीकडच्या ओळीत निघून गेला. तिच्याच्यानं त्याच्यामागं जाववेना.

ती घरात गुरुजींच्या बायकोजवळ, राहीबाईंजवळ जाऊन बसली. आपण फार टाकून बोललो, हे तिनं कबूल केलं. त्याचा बापावर जीव होता म्हणूनच त्यानं जीप आणली, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं, असंही ती म्हणाली.

राहीबाईंनी उठून दार लोटून घेतलं आणि परत तिच्याजवळ येऊन बसल्या.

"जीप त्यानं आपल्या मनानं नाही आणली, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी गुरुजीनंच त्याचा हात धरला. म्हणे, मले भेव लागून राह्यलं, दवाखान्यात ने. पण मी म्हटलं म्हणून लोकाइले सांगू नको."