इंगेब्रिक्त बायकोशी बोलतो

ओद्वार घरगाडीच्या टपावर उकिडवा बसून इंटरनेटची डिश नीट करत होता, तेव्हा खाली कुणीतरी खाकरलं. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. आपलं नाव इंगेब्रिक्त, खालच्या धक्क्याला आपली होडी आहे, असं त्यानं सांगितलं. मग जरा घुटमळून विचारलं, "तुमचं इंटरनेट मिळेल का? थोडाच वेळ. बायकोशी बोलायचंय."

त्या फ्योर्डमध्ये, समुद्राच्या त्या अरुंद खाडीत, मोबाइलला सिग्नल असा नव्हताच. तिन्ही बाजूंना डोंगर. जे काही चालायचं ते थेट उपग्रहावरून. ओद्वारनं डिश घेतली होती ती फुटबॉलसाठी, त्यामुळे अनोळखी माणसाला पासवर्ड द्यायला तो काही फार उत्सुक नव्हता. पण त्याची बायको सुन्निवा दारातच होती. तिनं पासवर्ड देऊनही टाकला, वर कॉफी विचारली.

म्हातारा ताडपत्रीखालच्या खुर्चीवर बसला, फोन लांब धरून अर्धा तास बोलला आणि आभार मानून उतारानं निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला हजर. तिसऱ्या दिवशीही.

बायको कुठे असते, असं सुन्निवानं एकदा विचारलं. समुद्रकाठीच, तो म्हणाला. तिला घेऊन या की एकदा इकडे, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं मान हलवली.

"गुडघे गेलेत तिचे. चढ झेपत नाही."

सुन्निवाला पुढे विचारवेना. कुठल्यातरी वृद्धाश्रमात असेल बिचारी, असं नवराबायकोनं गृहीत धरलं.

या सहलीची सुन्निवानं सहा वर्षं वाट पाहिली होती. मुलं मार्गी लागली की दोघांनीच उत्तरेला जायचं, मनात येईल तिथे थांबायचं, गप्पा मारायच्या. प्रत्यक्षात ओद्वार एकतर गाडी चालवायचा, नाहीतर पडद्यात डोकं घालून बसायचा. तीन आठवड्यांत त्यांचं बोलणं डिझेल आणि पाण्याची टाकी यांच्या पुढे गेलं नव्हतं. बुधवारी दुपारी तिनं विणकाम खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की उद्याच्या बसनं ती ट्रोन्हाइमला बहिणीकडे चाललीय.

"बरं," ओद्वार म्हणाला. सामना रंगात आला होता.

ती बॅग भरायला लागली.

पाच वाजता बाहेरून इंगेब्रिक्तचा आवाज आला. पाऊस पडत होता, पण खिडकी उघडीच होती.

"आज केस वर बांधलेस," तो फोनमध्ये म्हणाला. "तशीच बांधत जा. मान दिसते तुझी."

मग ती दोघं हसली. मग त्यानं, आपण तिला मासळीच्या कारखान्यात पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशीची हकिगत काढली. तिनं ती शंभरदा ऐकली असणार, तरी पलीकडून ती "मग? मग काय झालं?" असं विचारत होती. पावसाचंही निघालं. तिकडेही धो धो पडतोय म्हणाली. शेवटी इंगेब्रिक्त म्हणाला, "दिवसभर मनात घोळत होतं, तुला हे सगळं सांगायचं. म्हणून तर धापा टाकत आलो."

ओद्वारनं सामन्याचा आवाज कधी बंद केला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सुन्निवाच्या हातात अर्धवट घडी घातलेला स्वेटर तसाच होता.

"तू केस कापलेस का?" त्यानं विचारलं.

"तीन आठवडे झाले."

तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. "मी गाढव आहे."

"त्याला तीस वर्षं झाली," सुन्निवा म्हणाली. पण म्हणताना तिला हसू फुटलं, आणि स्वेटर पुन्हा खुंटीवर गेला.

गुरुवारची बस आली आणि गेली. आपण निघालो तर म्हातारा बायकोशी बोलणार कसा, असं कारण दोघांनी एकमेकांना दिलं. मग ती दोघं डोंगरावर जाऊन ब्लूबेरी तोडून आली. ओद्वारनं पाण्यात गळ टाकला, तीन तासांत एक बूट पकडला आणि सुन्निवा इतकी हसली, की शेजारच्या तंबूतली माणसं डोकावून बघायला लागली. लग्नाआधी आपल्याला दुसराच मुलगा आवडायचा, हे तिनं त्याला प्रथमच सांगितलं. तो मुलगा आता साफ टकला आहे, ही बातमी ओद्वारकडे होती.

पाच वाजले की मात्र दोघं खिडकीशी येऊन गप्प बसायची. ऐकू नये, असं सुन्निवाला वाटायचं. शिकून घेतोय, असं ओद्वार म्हणायचा.

शनिवारी निघणं भाग होतं, ओद्वारची सुट्टी संपली होती. म्हाताऱ्याला शेवटचं मनासारखं बोलता यावं म्हणून पाचनंतरच निघायचं ठरलं. सुन्निवानं वॉफल केली, वर तपकिरी चीजचे काप ठेवले. पण इंगेब्रिक्त बोलण्यात इतका रमला होता, की तिला त्याला हाक मारवेना. बशी होडीतच ठेवून यावी, परत आल्यावर त्याला सापडेल, अशा विचारानं ती एकटीच उतारानं खाली गेली.

होडी खडकाच्या आडोशाला बांधलेली होती. वरून ती कधी दिसलीच नव्हती. तिच्या छपरावर एक पांढरी डिश होती, थेट त्यांच्या डिशसारखी. सुन्निवा थबकली. आतून बाईमाणसाच्या हसण्याचा आवाज आला, तसं तिनं वाकून केबिनमध्ये पाहिलं.

ओठांना लाली लावलेली एक म्हातारी उशीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवरच्या पडद्यात इंगेब्रिक्त होता, आणि त्याच्या पाठीमागे सुन्निवाचीच घरगाडी. म्हातारीनं मान वर केली, पडद्यावर तळहात ठेवला आणि कुजबुजली, "पाचच मिनिटं थांब हं, बाई. एकदा का तो खाली आला, की आम्ही लागलोच भांडायला."