गैरहजरांसाठी प्रार्थना

विश्वासणाऱ्यांची संगत थकलेल्याला बळ देते, यात वाद नाही. पण बायको गेल्यापासून शांतवनमामांना बुधवारची प्रार्थनासभाच थकवत होती. ‘यापुढे मी येणार नाही’ एवढं सांगायला ते उशिराच एस्तेरबाईंच्या घरी पोचले.

दार उघडं होतं. आत सगळ्यांचे डोळे मिटलेले. रिवाजाप्रमाणे गैरहजरांसाठी प्रार्थना चालली होती आणि आज गैरहजर मामा एकटेच होते.

“प्रभू बापा, आमचे शांतवनमामा फार खचलेत,” एस्तेरबाई कळवळून म्हणाल्या. “करपलेला भात तसाच खातात. टीव्हीशी भांडतात. बनियनबद्दल मी काय सांगू, तुला दिसतंच आहे.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

मामा उंबऱ्यातच गार पडले. एवढं तर त्यांच्या बायकोनेही चारचौघांत कधी काढलं नव्हतं!

“त्यांची खुर्ची आम्ही मोकळी ठेवलीय, बापा. त्यांना घेऊन ये.”

मामांनी चपला काढल्या. ते गुपचूप खुर्चीत जाऊन बसले आणि सगळ्यांत मोठ्याने “आमेन” म्हणाले. एस्तेरबाईंनी डोळे उघडले आणि त्या किंचाळल्याच.

“पुढच्या बुधवारी गैरहजरांसाठी प्रार्थना मी करणार,” मामा शांतपणे म्हणाले.

त्या बुधवारी एकही जण गैरहजर नव्हता.