रिकाम्या घरातला सलाम

लेकीचं लग्न झालं आणि शिलाईवाल्या खालाला रिकाम्या घराची धडकी भरू लागली. कोपऱ्याकोपऱ्यात तिला जिन्न दिसायचे. दुकान बंद करूनही ती शेजारच्या पायरीवर बसून राही.

लेक फोनवर म्हणाली, "अम्मी, कुराणातली आयतुल कुर्सी म्हण आणि घरात कुणी नसलं तरी सलाम करून आत जा. अल्लाह असताना जिन्नाची काय बिशाद?"

खालाने दोन महिने नेम चुकवला नाही.

आज तिने दार उघडून सलाम केला आणि आतून उत्तर आलं, "वालेकुम सलाम!"

खाला शांतपणे चपला काढत म्हणाली, "तूही अल्लाहचाच बंदा. आलाच आहेस तर तेवढी भांडी घासून टाक."

आपल्याकडची जुनी किल्ली हलवत लेक धावत बाहेर आली. "अम्मी, मी आहे!"

"तू होय? मग राहू दे. माहेरी आलेल्या लेकीला कुणी कामाला लावतं का?"