नाकावरची माशी

“विकायचं नाही,” मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी गळावर दोऱ्याचा पहिला वेढा घेतला.

कोटवाला पाहुणा अजून नीट बसलाही नव्हता. नदीच्या वळणावरच्या त्या दुकानात बसायला जागा तरी कुठे होती? स्टुलावर पिसांचे गठ्ठे, खुर्चीवर सशाच्या केसांचा डबा आणि खिडकीपाशी बाईंचं टेबल. टेबलाच्या कडेला पितळी चिमटा, चिमट्यात तांदळाएवढा गळ. त्याच्यावर बाई दोऱ्यानं पिसं बांधत आणि बघता बघता गळाची माशी होई. पाण्यावर सोडली की मासे खरी समजून झेप घेत.

“नाकावर माशी बसू देत नाही आणि जन्मभर माश्याच करते,” असं शेजारचा न्हावी म्हणे. अर्थात त्यांच्या पाठीमागे. सगळा बाजार त्यांना मालकीणबाईच म्हणायचा. खरं नाव विचारायची कुणाची छाती नव्हती. कोटवाल्यानं दुकानाची चौकशी केली तेव्हाही न्हाव्यानं वस्तऱ्यानंच दार दाखवलं होतं. “मालकीणबाईंना भेटा. पण जरा जपून.”

“ऐकून तर घ्या,” कोटवाला म्हणाला. “मागे हॉटेल बांधायचंय. तुमच्या जागेवर आम्हाला गाड्या उभ्या करायच्यात. किंमत तुम्ही सांगाल ती.”

“मी फक्त माश्यांची किंमत सांगते.”

तो गेला. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. या उजेडात बसून त्यांचे केस पिकले होते. दुसऱ्या कुठल्या टेबलावर त्यांची बोटं चालली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या इथे गाड्या! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या खेपेला कोटवाला मिठाईसारखा गोड होऊन आला आणि त्यानं गळच घातली. “हॉटेलात तुम्हाला काचेचं दालन देतो. लोक बाहेरून तुमचं काम बघतील, वाहवा करतील.”

“काचेत ठेवायला मी काय शोभेचा मासा आहे?”

“रागावू नका हो,” म्हणत त्यानं टेबलावर हात टेकला आणि किंचाळला. तयार माशी अंगठ्यात रुतली होती.

“ओढू नका. गळाला उलटं टोक असतं. ओढाल तितकं फाटेल.” बाईंनी त्याचा हात टेबलावर दाबून धरला, गळाच्या वाकाला दोरा अडकवला आणि विचारलं, “बायकोचं नाव काय तुमच्या?”

त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी हिसका दिला. माशी बाहेर.

“राहू दे आता नाव,” बाई म्हणाल्या.

अंगठा चोखत त्यानं पुन्हा विषय काढला. “घरात आणखी कुणाशी बोलायला हवं का? मुलगा, जावई?”

“मुलगा नाही, जावई नाही. जे बोलायचं ते माझ्याशी बोला.”

असा तो येत राहिला आणि हात हलवत परत जात राहिला. न्हावी तर गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून दारात उभा राहायचा. फुकटची करमणूक कोण सोडतो?

शेवटी एका सकाळी तो आला तो बसलाच नाही.

“साहेब वैतागलेत. पलीकडच्या काठावर लाकडाची वखार आहे, तिचा मालक एका पायावर तयार आहे. हॉटेलच तिकडे नेऊ. आज तुम्ही नाही म्हणालात की विषय संपला. मग पाया पडत आलात तरी ही जागा आम्ही घेणार नाही.”

बाईंच्या हातातला दोरा तुटला. असं कधी होत नसे. पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी दोऱ्याला पुन्हा मेण लावलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आणि साहेबांना सांगा, बुलडोझर आणला असता तरी मी या टेबलाला धरून बसले असते. मला उठवून दाखवा म्हणावं.”

“तुमच्यासारखी बाई नाही पाहिली.”

“मग नीट पाहून घ्या आणि जाताना दार लावा.”

पायरीवरूनच त्यानं फोन लावला. “मालकीण हटत नाही. वखार पक्की करून टाका.” ते ऐकलं तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला. मग त्या हसल्या, मोठ्यानं, एकट्याच.

पलीकडच्या काठावर खांब रोवायला सुरुवात झाली, त्याच आठवड्यात दुकानापुढे टॅक्सी थांबली. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उतरले. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला ते मुलीकडे गेले होते, ते इतक्या महिन्यांनी परतत होते. त्यांनी सवयीनं पिसांचा गठ्ठा बाजूला सारला आणि ते स्टुलावर टेकले.

“पलीकडे ठोकाठोक कसली गं?”

“हॉटेल होतंय म्हणे.”

“नशीब लागतं एकेकाला,” म्हाताऱ्यांनी सुस्कारा टाकला. “मला आता हे दुकान झेपत नाही. घेणारा मिळाला तर आज देऊन मोकळा होईन. जाताना तुझा पगार हातात ठेवून बजावलं होतं ना, कुणी विचारायला आलं तर लगेच कळव म्हणून? आलं होतं का कुणी?”

मालकीणबाईंनी माशीला शेवटची गाठ मारली.

“चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही, मालक.”