लग्नातला पाट

स्केटबोर्डच्या एका गाजलेल्या व्हिडिओगेम मालिकेवरच्या माहितीपटात जगभरच्या चाहत्यांचे जुने व्हिडिओ होते, आणि त्यात बालाघाटच्या देवश्रीचाही! अख्खं घर टीव्हीसमोर श्वास रोखून बसलं. आली, आली! दहा वर्षांची देवश्री बेरिंगची चाकं ठोकलेल्या लाल फळीवरून कॉलनीचा उतार सुसाट उतरली आणि नालीवरून थेट उडाली. घरात शिट्ट्या वाजल्या. आई मात्र ताडकन उठली. "थांबव! ते पितळी फुलं पाह्य. हा तं माह्या लग्नातला पाट होय!" व्हिडिओ पाठवताना पाट ओळखू येईल हे देवश्रीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो पाट अलकनंदाकाकूनं लांबवला असं समजून आईनं धाकट्या जावेशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. आईनं ती उडी पुन्हा लावायला सांगितली. मग फोन उचलला. "अलका, देवश्री लिंक पाठवून राह्यली, आत्ताच पाह्य! आपला पाट सापडला! उडून राह्यला!"