मॅडमच्या ओळखी

"फिटरकाकांचं वय आधी सांगायचं नाही. आधी काम सांगायचं," असं म्हणत मॅडमनी सहायक मुलीच्या हातून यादी घेतली.

कारखाना बंद होत होता. चार महिन्यांपूर्वी कामावरून कमी केल्याची पहिली पत्रं निघाली. महिनाअखेरीला फाटकाला कुलूप लागणार होतं. त्याच्या आत साठच्या साठ माणसांना दुसरीकडे चिकटवायचं, असं मॅडमनी मनावर घेतलं होतं. एकोणसाठ झाले होते.

केबिनमधलं सामान खोक्यांत गेल्यापासून त्या भांडाराच्या खोलीत, खिडकीजवळ बसत. फोन स्वतःचा, डायऱ्या स्वतःच्या. रोज सकाळी फाटकावर पाहुण्यांच्या वहीत सही करूनच आत येत. "बघ, याला म्हणतात शिस्त," रखवालदार मुलीला सुनवायचा.

डायऱ्यांमध्ये बावीस वर्षांच्या नोकरभरतीत भेटलेली माणसं होती. नोकरी दिलेली, सोडून गेलेली, नाकारलेलीसुद्धा. काम नसतानाही मॅडम त्यांना फोन करत. कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचे पडलेले पुढचे दात, सगळं विचारत.

"एवढं कशाला लक्षात ठेवता?" मुलीनं एकदा विचारलं होतं.

"तहान लागल्यावर विहीर खणायला बसलं, तर पाणी लागेपर्यंत माणूस राहतो का?"

आज त्यांनी एका जुन्या डायरीतला नंबर लावला. पलीकडे एका मोठ्या कारखान्याचे व्यवस्थापक होते.

"एक फिटर आहे. कानानं कमी ऐकतो. पण मशीनवर हात ठेवून, उद्या काय बिघडणार ते आज सांगतो."

"वय?"

"चोपन्न."

पलीकडून हसू ऐकू आलं. "मॅडम, तुम्ही मला नोकरी नाकारली होती, आठवतंय?"

"आठवतंय की. दुसऱ्या दिवशी फोन करून कारणही सांगितलं होतं."

"तेवढं तुम्हीच सांगितलंत. बाकीच्यांनी नुसतं 'कळवतो' म्हणून वाटेला लावलं. तुमच्या त्या फोनवरच मी पुढची मुलाखत मारली. पाठवा त्यांना, सोमवारी."

फिटरकाका दारातच उभे होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण मॅडमचा चेहरा त्यांनी बरोबर वाचला. मॅडमनी कागदावर पत्ता, वार, वेळ लिहून दिली.

"साहेब कसा आहे?" काकांनी मोठ्यानं विचारलं.

"फार बोलतो!" मॅडम त्याहून मोठ्यानं म्हणाल्या.

"मग माझं जमेल," काका म्हणाले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मुलीनं यादीतल्या शेवटच्या नावावर रेघ मारली. तिचं स्वतःचं नाव सदतिसावं होतं. तिची सोय मागच्याच आठवड्यात झाली होती. आपण कधी अशी माणसं जोडू शकू का, असं तिला वाटून गेलं. मॅडमनी तेवढ्यात पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

दुपारी मुख्य कार्यालयातून एक अधिकारी शेवटची कागदपत्रं घेऊन आला. साठही जणांची सोय झाली, हे त्याला आधी खरंच वाटेना. त्यानं यादी दोनदा वाचली.

"कमाल आहे! हे कुणी केलं?"

"आमच्या मॅडमनी," मुलगी भांडाराकडे बोट दाखवत म्हणाली. "बोलावते ना, विभागप्रमुख म्हणून कागदांवर त्यांचीच सही लागेल."

अधिकाऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग भांडाराच्या बंद दाराकडे. फायलीतून एक जुना कागद काढून त्यानं तिच्यापुढे धरला.

"त्यांची सही कशी चालेल? कामावरून कमी केलेल्यांच्या पहिल्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. चार महिने झाले, त्या इथं नोकरीलाच नाहीत."